‘स्टेट ऑफ द मॅप’ला पहिल्यांदा निघताना

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे लोकांनी मिळून तयार केलेला, कोणालाही वापरता येणारा जगाचा नकाशा. तो बनवणाऱ्यांच्या, म्हणजे मॅपरांच्या, जागतिक संमेलनाचं नाव ‘स्टेट ऑफ द मॅप’. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली ब्रिटनमध्ये हा प्रकल्प सुरू केला, २००६ मध्ये फाउंडेशन स्थापन झालं आणि २००७ मध्ये मँचेस्टरला पहिलं संमेलन भरलं. तेव्हापासून ते गाव बदलत फिरतंय: २०१२ ला टोकियो, २०१४ ला ब्यूनस आयर्स, २०१८ ला मिलान, २०१९ ला हायडेलबर्ग, २०२२ ला फ्लॉरेन्स, २०२४ ला नैरोबी, २०२५ ला मनिला. मधली काही वर्षं हुकलीही. २०२० आणि २०२१ ची संमेलनं ऑनलाइन झाली, तर २०१५ आणि २०२३ ला जागतिक संमेलन भरलंच नाही. त्यामुळे ‘यंदा नको, पुढच्या वर्षी बघू’ म्हणताना जरा जपून.

भाषणांचं बहुतेक रेकॉर्डिंग होतं आणि ते नंतर नेटवर फुकट बघता येतं. जायचं ते माणसांसाठी. ज्या टोपणनावाने तुम्ही नकाशावर चुकीचा काढलेला पूल दुरुस्त केला, ते टोपणनाव तिथे चहाच्या रांगेत उभं असतं. खाली सांगितलेली सगळी तयारी त्याच हिशेबाने आहे: तिथले तीन दिवस कागद, चार्जर आणि स्लाइड्सच्या धावपळीत जाऊ नयेत.

कोणत्या संमेलनाला जायचं

जागतिक संमेलनाखेरीज आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका, युरोप, अमेरिका अशी प्रादेशिक ‘स्टेट ऑफ द मॅप’ संमेलनं भरतात. काही देशांची स्वतःचीही असतात. पहिल्यांदाच परदेशी जाणाऱ्याला प्रादेशिक संमेलन सोपं पडतं. माणसं कमी, समांतर चालणारी सत्रं कमी, आणि तेच तेच चेहरे दिवसातून चारदा समोर येत असल्याने ओळख आपोआप होते. जागतिक संमेलनात मात्र ज्यांची नावं फक्त मेलिंग लिस्टवर वाचली ती मंडळी भेटतात.

याच गोतावळ्यातलं दुसरं मोठं संमेलन म्हणजे ओएसजिओ या संस्थेचं ‘फॉसफोरजी’. तिथे क्यूजीआयएस, पोस्टजीआयएस, जिओसर्व्हर अशा नकाशाकामाच्या मुक्त सॉफ्टवेअरचा बोलबाला असतो. तुम्ही मुख्यतः सॉफ्टवेअर लिहीत असाल किंवा नोकरीत जीआयएसचं (संगणकावर नकाशांची माहिती हाताळण्याचं) काम करत असाल तर तिथे जास्त रमाल. रस्त्यावर उतरून किंवा उपग्रहचित्रावरून मॅपिंग करत असाल तर ‘स्टेट ऑफ द मॅप’च. कधीकधी दोन्ही जुळून येतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्सला ही दोन संमेलनं पाठोपाठ झाली आणि एकाच विमानभाड्यात अनेकांनी दोन्ही उरकली.

तारखेपासून मागे मोजायला लागा

नवखा माणूस आधी विमानाची तिकिटं बघतो. खरं तर तिकीट जवळजवळ शेवटी येतं. संमेलनाची तारीख जाहीर झाली की तिथून मागे मोजा.

आठ-नऊ महिने आधी पासपोर्ट उघडून बघा. अनेक देशांना परतीच्या तारखेनंतर तीन ते सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. शेंगेन देशांचे (एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपीय देशांचे) नियम स्पष्ट आहेत: बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैधता, पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला आणि किमान २ कोरी पानं. नूतनीकरण लागणार असेल तर ते आत्ताच करा, कारण व्हिसाच्या अर्जावर पासपोर्टचा क्रमांक एकदा गेला की तो मध्येच बदलणं म्हणजे सगळं पहिल्यापासून.

भाषणासाठीचं आवाहन आणि शिष्यवृत्तीचे अर्ज संमेलनाच्या बरेच महिने आधी उघडतात आणि बंदही होतात. दोन्हींच्या मुदती वेगळ्या असू शकतात. शिष्यवृत्तीची तारीख बहुतेक जण चुकवतात, कारण ‘आधी भाषण स्वीकारलं जाऊ दे, मग बघू’ असं त्यांना वाटतं. तसं थांबू नका, दोन्ही अर्ज एकदमच टाका.

त्यानंतरचा क्रम असा ठेवा: संमेलनाचं प्रवेशतिकीट, आयोजकांकडून आमंत्रणपत्र, रद्द करता येईल असं राहण्याचं बुकिंग, व्हिसा, आणि मग विमानाचं पक्कं तिकीट. व्हिसाला विमानाचं बुकिंग जोडावं लागत असेल तर परत करता येणारं तिकीट किंवा नुसतं आरक्षण चालतं का, ते त्या वकिलातीच्या यादीत बघा. पैसे परत न मिळणारं स्वस्त तिकीट व्हिसाआधी काढणं हा जुगार आहे.

शिष्यवृत्ती मागताना

अर्ज वाचणारी मंडळी स्वतः मॅपर असतात. तुमचं खातं उघडून ती तुमचे चेंजसेट, म्हणजे नकाशावर चढवलेले बदल, बघणार, हे धरून चाला. ‘मला नकाशांची लहानपणापासून आवड आहे’ या वाक्याने काही हलत नाही. उपयोगी पडतो तो तपशील: कोणत्या भागात काम केलं, काय नव्हतं आणि आता काय आहे, किती जणांना शिकवलं, त्यातले किती अजून एडिट करतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘तीसपैकी चार’ असेल तर तेच लिहा. मॅपाथॉनला (एकत्र बसून मॅपिंग करायच्या कार्यक्रमाला) आलेले बहुतेक जण नंतर फिरकत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. ‘तीसपैकी तीस’ लिहिलंत तर मात्र संशय येईल.

शिष्यवृत्ती मिळाली की लगेच तीन गोष्टी लेखी विचारून घ्या. विमान आणि राहणं आयोजक थेट बुक करणार, की तुम्ही आधी खर्च करून नंतर परतफेड मिळणार? व्हिसाची फी, विमा, जेवण आणि स्थानिक प्रवास यांतलं काय धरलंय? व्हिसा नाकारला गेला तर तोवर झालेल्या खर्चाचं काय? परतफेडीची पद्धत असेल तर कार्डाची मर्यादा आधी वाढवून घ्या आणि बोर्डिंग पाससकट प्रत्येक पावतीचा त्याच दिवशी फोटो काढा. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडून जाते.

व्हिसा: सगळ्यात जास्त घोळ इथे

पहिला प्रश्न प्रकाराचा. संमेलनाला जाणं हे बऱ्याच देशांत पर्यटनात धरत नाहीत. अमेरिकेत ते बी-१ या व्यवसायभेटीच्या व्हिसात बसतं, शेंगेन अर्जात प्रवासाचा उद्देश म्हणून परिषद किंवा व्यवसाय असा पर्याय निवडायचा असतो. ‘पर्यटन’ लिहून सोबत संमेलनाचं आमंत्रणपत्र जोडलं की अर्जातच विसंगती तयार होते आणि अधिकाऱ्याला नकारासाठी आयतं कारण मिळतं. काही देशांना पूर्ण व्हिसा लागत नाही, नुसती ऑनलाइन पूर्वपरवानगी पुरते. केनियाने जानेवारी २०२४ पासून अशी पद्धत आणली. तरी तेही निघण्याच्या आदल्या रात्रीचं काम नव्हे.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरलेले असले तरी काही प्रकरणांत ते ४५ पर्यंत जातात. खरी अडचण त्याच्याही आधी येते, ती म्हणजे अर्ज द्यायला वेळच मिळत नाही. उन्हाळ्यात सगळ्या तारखा भरलेल्या असतात. म्हणून कागद तयार होण्याची वाट न पाहता आधी वेळ घेऊन ठेवा. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हेही पक्कं आहे: जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे, आणि दिवस सारखेच असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकणार तिथे. संमेलनाला जोडून शेजारच्या देशात आठवडाभर भटकायचा बेत असेल तर या नियमाने वकिलातच बदलते. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो आणि तो सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा.

आमंत्रणपत्र आयोजकांकडून सहसा प्रवेशतिकीट घेतल्यावरच मिळतं. मागताना पासपोर्टवरचं पूर्ण नाव अगदी त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने द्या. पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, संमेलनाच्या तारखा, तुम्ही वक्ते आहात की श्रोते, खर्च कोण करणार, एवढं पत्रात असलं पाहिजे. सगळ्यात नेहमीची चूक नावाची. ओपनस्ट्रीटमॅपवरच्या टोपणनावाने किंवा मधलं नाव गाळून प्रवेशतिकीट काढलं जातं, पत्र त्याच नावाने येतं आणि पासपोर्टशी जुळत नाही. टोपणनाव बॅजवर छापायला वेगळा रकाना असतो. ते तिथेच शोभतं.

स्वतःहून एक पानी पत्रही जोडा. संमेलन कशाचं, तुम्ही त्यात काय करणार, कोणत्या तारखेला परतणार आणि परतल्यावर कोणती नोकरी, शिक्षण किंवा जबाबदारी वाट बघतेय. व्हिसा अधिकाऱ्याने ओपनस्ट्रीटमॅपचं नाव ऐकलेलं असेलच असं नाही. ‘लोकांनी मिळून तयार केलेला, कोणालाही वापरता येणारा जगाचा नकाशा’ एवढी ओळख पुरे. ‘सर्वेक्षण’ हा शब्द मात्र टाळलेला बरा. काही देशांत सर्वेक्षण हा परवान्याचा आणि सुरक्षेचा विषय आहे, आणि मुलाखतीच्या खिडकीपाशी त्याचा अर्थ समजावत बसायला वेळ नसतो.

विमान बदलण्याच्या जागेचाही विचार करा. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावं लागतं, म्हणजे योग्य परवानगी लागतेच. काही देशांच्या नागरिकांना शेंगेन विमानतळावरून पुढे जायलाही वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो. तिकीट स्वस्त दिसतं तेव्हा ते कोणत्या विमानतळावरून जातंय ते आधी बघा.

भाषण द्यायचं असेल तर

पहिल्या खेपेला लायटनिंग टॉक हा चांगला मार्ग. वेळ साधारण ५ मिनिटं, आणि नाव नोंदवायला बरेचदा संमेलनस्थळीच फळा किंवा कागद लावलेला असतो. पूर्ण भाषण बहुधा २० मिनिटांचं. यातली ५ प्रश्नांना जातात, हे धरून १५ मिनिटांचीच तयारी करा.

प्रस्तावाचा गोषवारा हा निवडीचा मुख्य आधार. त्यात समस्या, तुम्ही काय केलं, काय जमलं नाही आणि ऐकणाऱ्याला घरी काय नेता येईल, ही चार वाक्यं आली तरी काम होतं. ‘आमच्या देशातला ओपनस्ट्रीटमॅप समुदाय: एक ओळख’ या छापाचे प्रस्ताव ढिगाने येतात. त्याऐवजी ‘घरांना क्रमांकच नसलेल्या वस्तीत पत्ता कसा नोंदवला’ हे एवढंसं असलं तरी कान टवकारतात. शिकवण्याचं सत्र घ्यायचं असेल तर कार्यशाळा, संशोधन असेल तर अकॅडेमिक ट्रॅक, असे विभाग वेगळे असतात. चुकीच्या विभागात टाकलेला चांगला प्रस्तावही मागे पडतो.

स्लाइड्सबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे सगळे तेच खड्डे पुन्हा पुन्हा शोधतात.

सभागृहातल्या वाय-फायवर दोन-तीनशे लॅपटॉप एकदम चढलेले असतात. तिथे जिवंत नकाशा उघडून दाखवायला गेलात की राखाडी चौकोन एकेक करून भरताना सगळे बघत बसतात आणि तुमची दोन मिनिटं जातात. झूम केलेले स्क्रीनशॉट किंवा २० सेकंदांची रेकॉर्ड केलेली क्लिप घाला. ओव्हरपास टर्बोची (नकाशाच्या डेटातून हवं ते शोधून देणाऱ्या संकेतस्थळाची) क्वेरी दाखवायची असेल तर तिचा निकाल आधी चालवून चित्र म्हणून ठेवा. भर कार्यक्रमात सर्व्हर नेमका तेव्हाच थकतो.

नकाशाचं प्रत्येक चित्र कोपऱ्यात ‘© ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते’ असं श्रेय घेऊनच आलं पाहिजे. सप्टेंबर २०१२ पासून डेटा ओडीबीएल या मुक्त डेटाच्या परवान्याखाली आहे आणि श्रेय देणं ही त्याची मूळ अट. इतरत्र कोणी लक्ष देणार नाही, पण या सभागृहात पहिल्या रांगेतला माणूस भाषण संपायच्या आत ती चूक हेरतो.

स्लाइड १६:९ च्या, अक्षरं मागच्या रांगेतून दिसतील एवढी, म्हणजे २४ पॉइंटच्या खाली नाहीत. लाल आणि हिरव्या रंगात ‘आधी’ आणि ‘नंतर’ दाखवू नका, रंगांधांना दोन्ही सारखेच दिसतात. निळा-नारिंगी वापरा. देवनागरी, अरबी, थाई अशा लिपीतली लेबलं असतील तर फाइल पीडीएफ करा. आयोजकांच्या लॅपटॉपवर तुमचा फाँट नसला की जोडाक्षरं फुटतात किंवा नुसते रिकामे चौकोन उमटतात. पीडीएफमध्ये फाँट आत बसवलेला असतो. ही फाइल पेनड्राइव्हवर, मेलमध्ये आणि फोनमध्ये अशी तीन ठिकाणी ठेवा. लॅपटॉपला एचडीएमआय नसेल तर अ‍ॅडॅप्टर स्वतःचा आणा.

बहुतेकांची इंग्रजी दुसरी किंवा तिसरी भाषा असते. उच्चारांची लाज बाळगू नका, पण वेग कमी करा. घड्याळ लावून मोठ्याने दोनदा म्हणा. घरी १३ मिनिटं लागली तर मंचावर बहुतेक १५ लागतात. प्रश्न कळला नाही तर ‘पुन्हा सांगाल का, हळू?’ असं सरळ विचारा, त्यात कोणाला काही वाटत नाही.

बॅग

पॉवर बँक नेहमी केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी न मागता चालते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ वॅट-तास होते, म्हणजे बसते. तिच्यावरचा आकडा पुसलेला असेल तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते. प्लग देशागणिक वेगळे: ब्रिटन आणि केनियाला तीन चपट्या पिनांचा, युरोपातल्या बहुतेक देशांत दोन गोल पिनांचा, जपान आणि अमेरिकेत दोन चपट्या पट्ट्यांचा. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची. लॅपटॉपच्या चार्जरवर ‘१००–२४०’ लिहिलेलं असेल तर नुसता पिन बदलणारा अ‍ॅडॅप्टर पुरतो. एक छोटा एक्स्टेन्शन बोर्ड न्या. सभागृहात सॉकेट एक असतं आणि डोळे दहा जणांचे, तुमच्या बोर्डाभोवती अर्ध्या तासात पाच जण जमतात. ओळख करून घ्यायचा यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

ड्रोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं काही देशांत परवानगीशिवाय आणता येत नाहीत. घरीच ठेवा.

स्टिकर न्या, ते लॅपटॉपवर चिकटतात. माहितीपत्रकं हॉटेलच्या टोपलीत जातात.

निघण्याआधी तिथला नकाशा

ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड या ऑफलाइन नकाशाच्या अ‍ॅपमध्ये त्या शहराचा नकाशा वाय-फायवर असतानाच उतरवून घ्या. विमानतळ, मुक्काम, संमेलनस्थळ, जवळचं रुग्णालय आणि तुमच्या देशाची वकिलात अशा पाच खुणा ठेवा. मग इंटरनेट बंद करून मार्ग निघतो का ते करून बघा. उतरवलेला नकाशा ऑफलाइन शोधताना स्थानिक लिपीतच नाव मागतो, असं कधी होतं. तेव्हा कामी येते ती खूण, नाव नव्हे.

संमेलनस्थळाची इमारत नकाशावर असली तरी तिचं प्रवेशद्वार बऱ्याचदा नसतं, आणि मोठ्या विद्यापीठात मागच्या फाटकापाशी पोहोचलात तर वळसा दहा मिनिटांचा पडतो. ‘आपणच नकाशा सुधारू’ म्हणून घरून उपग्रहचित्रावर अंदाजाने प्रवेशद्वार टाकू नका. तिथल्या मॅपरला विचारा किंवा नकाशावर टीप सोडा. रस्त्यांची वर्गवारी, नावं लिहायची रीत, पत्त्यांची रचना देशागणिक वेगळी असते. आपल्याकडे बरोबर असलेली गोष्ट दुसरीकडे बिघाड ठरते.

पहिले दोन तास

बॅज घेतल्यावर आधी फोटोचा नियम समजून घ्या. काही संमेलनांत दोरीचा रंग किंवा बॅजवरची खूण सांगते की या व्यक्तीचा फोटो काढायचा नाही. मॅपरांपैकी बरेच जण टोपणनावानेच वावरतात. त्यांचं खरं नाव आणि टोपणनाव एकत्र सार्वजनिक जागी लिहू नका, त्यातून त्यांच्या एडिटवरून त्यांचं घर कुठे हेही उघड होऊ शकतं. आचारसंहिता वाचा आणि त्रास झाला तर कोणाला गाठायचं ते नाव फोनमध्ये ठेवा.

कार्यक्रमपत्रिका हाती आली की प्रत्येक तासाला सत्र निवडून दिवस गच्च भरायचा मोह होतो. दिवसाला तीन-चार सत्रं पुरे. निवडताना एक कसोटी लावा: या वक्त्याला मला काही विचारायचंय का? नसेल तर ते रेकॉर्डिंगवर बघता येईल. त्याउलट ‘बर्ड्स ऑफ अ फेदर’ म्हणतात त्या अनौपचारिक बैठका रेकॉर्ड होत नाहीत. फळ्यावर कोणीतरी ‘सायकलमार्गांचं टॅगिंग, ३ वाजता, खोली ४’ असं लिहितं आणि दहा-बारा जण जमतात (टॅग म्हणजे नकाशावरची वस्तू काय आहे ते सांगणारी नोंद). तिथे जा. तुमच्या विषयावर बैठक नसेल तर तुम्हीच लिहा. दोन जण आले तरी ती बैठक झाली.

बोलायला सुरुवात कशी करायची हा खरा पेच असतो. ‘तुम्ही काय करता?’ पेक्षा ‘तुम्ही कुठे मॅप करता?’ हा प्रश्न इथे लागू पडतो. आपला एक ठोस प्रश्न बरोबर ठेवा, शक्यतो फोनवर दाखवता येईल असा: ही वस्ती, ही वाट, पावसाळ्यात बंद होते, कोणता टॅग लावू? पाच मिनिटांत तीन जण वाद घालायला लागतात आणि तुम्ही त्यांच्या मधोमध असता. जेवणाच्या टेबलावर सगळे आपल्याच देशाचे असतील तर ताट उचलून दुसरीकडे बसा. हे पहिल्या दिवशी जमलं तर जमलं, दुसऱ्या दिवसापर्यंत गट घट्ट होतात.

काही विषय चटके देणारे आहेत: सरकारी डेटाची सरसकट आयात, यंत्राने शोधलेले रस्ते, पगारी मॅपिंग, वादग्रस्त सीमांवरची नावं. बड्या कंपन्यांचे लोकही त्याच चहाच्या टेबलाशी असतात. ऐका, विचारा, मत पहिल्याच दिवशी ठोकू नका. आणि ‘गूगलवरून कॉपी का करत नाही?’ हे गमतीतही विचारू नका, तो नकाशा गूगलच्या हक्काचा आहे.

एकत्र बाहेर पडून मॅपिंग

बऱ्याच संमेलनांत एखाद्या दिवशी गट करून आसपासचा भाग पिंजून काढतात. नवख्यासाठी हा सर्वात शिकवणारा भाग आहे, आणि सर्वात गडबडीचाही. समजा, तीसेक मॅपर एका चौकात उतरले. तिथे एक बाक आहे. एकाने तो स्ट्रीटकंप्लीट या फोनवरच्या अ‍ॅपवर नोंदवला, दुसऱ्याने एव्हरी डोअर या दुसऱ्या अ‍ॅपवर, तिसऱ्याने कागदावर टिपून संध्याकाळी संगणकावरच्या जेओएसएम या एडिटरमधून चढवला. फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतो, उंच इमारतींच्या मधे तो त्याहून बराच भरकटतो, कारण उपग्रहाचा संकेत भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतो. म्हणून तिघांचे बाक तीन वेगळ्या जागी पडतात, त्यातला एक चक्क रस्त्याच्या मधोमध. संध्याकाळी नकाशावर एका बाकाचे तीन बाक झालेले असतात आणि ते निस्तरायला स्थानिक मॅपरला पुढचा आठवडा लागतो.

हे टाळायचं तर गट पाडताना माणसांना रस्ते वाटा, विषय नव्हे. ‘तू दुकानं, मी बाक’ अशी वाटणी केली की दोघेही त्याच रस्त्यावरून फिरतात आणि बाकाजवळच्या दुकानाचं दार कोणी टाकायचं यावर अडतात. एका बाजूची इमारतींची ओळ एकाच जोडीकडे द्या. जोडीत एक जण बघतो आणि बोलतो, दुसरा लिहितो. एकट्याने दोन्ही करताना माणूस खांबाला धडकतो, हे अक्षरशः घडतं.

नोंद करताना जीपीएसच्या ठिपक्यावर विसंबू नका, इमारतीचा कोपरा किंवा रस्त्याचं वळण धरून जागा ठरवा. आधी तिथला ताजा डेटा उतरवा आणि ती वस्तू आधीच आहे का बघा. १५-२० बदल झाले की चढवा. दिवसभर साठवून रात्री चढवायला गेलात तर तोवर त्याच इमारतीला दुसऱ्याने हात लावलेला असतो, सर्व्हर तुमची जुनी आवृत्ती नाकारतो आणि दोन आवृत्त्यांतला विरोध सोडवायची खिडकी उघडते. तिथे घाईने ‘माझंच ठेव’ दाबलं की समोरच्याचं काम पुसलं जातं. आधी डेटा अद्ययावत करा, एकेक विरोध वाचा, आणि तो माणूस त्याच खोलीत असेल तर सरळ जाऊन विचारा. चेंजसेटच्या टिप्पणीत ‘अपडेट’ न लिहिता काय, कुठे आणि कशावरून केलं ते लिहा: ‘स्टेशनच्या पूर्वेकडची दुकानं, प्रत्यक्ष पाहून’.

चौकातल्या पर्यटन फलकावरचा नकाशा बघून वाटा ओढू नका, त्यावर कोणाचा तरी हक्क असतो. दुकानाच्या पाटीवरचं नाव टिपायला हरकत नाही. लष्करी आवार, विमानतळ, सरकारी कचेऱ्या यांचे फोटो काढण्याआधी स्थानिक सोबत्याला विचारा. चीनमध्ये तर परदेशी व्यक्तीने परवानगीशिवाय सर्वेक्षण करणं बेकायदेशीर आहे, आणि तिथे स्वतःच्या जीपीएसची नोंदही अंगाशी येऊ शकते. रोजच्या फिरण्याचा जीपीएस ट्रॅक सार्वजनिक करण्याआधी मुक्कामाच्या आजूबाजूचा तुकडा कापून टाका.

परतल्यावर

भेटलेल्या प्रत्येकाचं टोपणनाव आणि बोलण्याचा एकच शब्द त्याच रात्री लिहून ठेवलेला असेल, तर आठवड्यात निरोप पाठवणं सोपं जातं: ‘पावसाळी वाटेच्या टॅगबद्दल बोललो होतो, ही ती जागा’. दोन आठवड्यांनंतर दोन्हीकडे चेहरे पुसट होतात. शिष्यवृत्ती घेतली असेल तर पावत्या आणि अहवाल मुदतीच्या आत द्या. जे सत्र चुकलं त्याचं रेकॉर्डिंग आलं का ते महिनाभराने बघा.

आणि तिथे सर्व्हे करताना ‘नंतर बघू’ म्हणून नकाशावर सोडलेल्या टिपा स्वतःच्या खात्यावरून एकेक उघडा. ज्यांचं उत्तर तुमच्या फोटोंत आहे त्या पूर्ण करून बंद करा. ज्यांचं नाही, तिथे नेमकं काय पाहायचं राहिलं ते एका ओळीत लिहा, म्हणजे त्या गल्लीतून रोज जाणारा मॅपर जाता जाता बघून घेईल.